मावा, गहू आणि पानावरचे ठिपके

परवा रात्री साडेदहाला दादाचा व्हॉट्सॲप आला, तीन फोटो आणि खाली एकच वाक्य, "बघ गं, मावा पडला." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, निफाडच्या बाजूला आमचं वावर आहे, द्राक्षं थोडी, कांदा आणि घरी खाऊन थोडा विकता येईल इतका गहू. मी इकडे कळव्याला, खारेगावात राहते आणि ठाण्यात एका ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे पिकावर काही पडलं की पहिला फोटो मला येतो, मग मी जेवत असले काय आणि पेपर तपासत असले काय.

फोटो मोठे करून बघितले. ओंबीच्या खाली आणि वरच्या पानाच्या मागे हिरवे ठिपक्याएवढे किडे, दाटीवाटीने बसलेले, मधे मधे पांढऱ्या काती आणि पान चकचकीत चिकट. मावाच. मी लगेच फोन लावला तर दादा म्हणाला, "मला ते सांगू नको मावा आहे म्हणून, ते मला दिसतंय, मला हे सांग की बांधाच्या अलीकडच्या वावरात एवढा आणि पलीकडच्यात जवळपास नाहीच, असं का? हवा तीच, पाणी त्याच विहिरीचं."

या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्याच बोलण्यात मिळालं. पलीकडचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला होता, अलीकडचा कांद्याच्या गडबडीत डिसेंबर उजाडल्यावर, आणि मग मागे पडलाय म्हणून त्याला युरियाचा हात जरा जास्तच दिला. उशिरा पेरलेला गहू मावा वाढायच्या दिवसांत कोवळा असतो आणि युरिया जास्त झाला की झाडाच्या रसात नत्र वाढतं, माव्याला तेच तर हवं असतं. गव्हाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र कमी, म्हणून मावा रस पीत राहतो, पीत राहतो, नको असलेली साखर मागून टाकून देतो, तो चिकटा, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या येतात. नत्राची जी तूट राहते ती माव्याच्या अंगात राहणारे बुखनेरा नावाचे जिवाणू काही अंशी भरून काढतात, ते त्याला लागणारी अमिनो आम्लं बनवून देतात. एवढासा किडा, पण त्याच्या पोटात एक आख्खा कारखाना.

पण मग मी त्याला म्हटलं की दादा हे झालं पेरणीचं आणि खताचं, समज एकाच दिवशी पेरलेले, एकसारखं खत दिलेले दोन वाण असते तरी एकात मावा टिकला असता आणि दुसऱ्यात नसता असं होऊ शकतं, आणि त्यात झाड स्वतः काय काय करतं ते ऐकशील तर तुला झोप येणार नाही. तो म्हणाला मला आत्ताच येतेय, उद्या सांग. म्हणून हे लिहायला घेतलं, त्याला पाठवायला आणि तुम्हालाही.

थोडं माझ्या खिडकीचं सांगते आधी. नवरात्रात घट बसवला होता, दसऱ्याला गव्हाचे कोंब काढून देवाला वाहिले, सगळ्यांनी कानामागे केसांत खोवले, आणि उरलेल्यातले दहा-बारा मी ग्रिलमधल्या कुंडीत लावले. आमच्याकडे काय थंडी, पारसिकच्या डोंगरावरून पहाटे येते तेवढीच, त्यामुळे गहू बारीकच राहिला पण जगला. डिसेंबरात त्यावर मावा आला. शेजारच्या कुंडीतल्या जास्वंदावर पण मावा आहे, आधी मला वाटलं तोच उडी मारून आला, पण जास्वंदाचा मावा वेगळा आणि गवतावर्गाचा वेगळा, गव्हावर येणारे हे खाडीकडच्या मोकळ्या जागेतल्या गवतावरून पंखवाले होऊन वाऱ्याबरोबर आले असणार. मी फवारलं नाही. कॉलेजातलं भिंग घरी आणून रोज सकाळी डबा भरायच्या आधी दहा मिनिटं बघत बसायचे.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा बघाच. मादी चक्क पिल्लू घालते, अंडं नाही, मागच्या बाजूने पाय हलवत जिवंत पिल्लू बाहेर येतं, नर लागतच नाही, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढायला लागलेलं असतं. आई, मुलगी आणि नात एकाच अंगात! आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः पिल्लं घालायला लागतं. म्हणून शेतकरी म्हणतो ना की सोमवारी दोन दिसले आणि पुढच्या रविवारी वावर भरलं, ते फारसं वाढवून सांगितलेलं नसतं.

आता खरी गोष्ट. मावा पान कुरतडत नाही. त्याची सोंड केसापेक्षा बारीक, ती तो पेशींच्या मधल्या फटीतून आत सरकवतो, वाटेत एखाद्या पेशीला टोचून चव घेतो, पुढे जातो, आणि शेवटी जिथून झाड साखर वाहून नेतं त्या नळीत पोचतो. सोंड आत जाताना तो दोन प्रकारची लाळ सोडतो, एक घट्ट होणारी, तिचं सोंडेभोवती म्यानासारखं आवरण तयार होतं, आणि दुसरी पातळ, ती नळीत जाते. झाडाची नळी फुटली की झाड तिला लगेच बूच लावतं, प्रथिनाचं आणि कॅलोज नावाच्या पदार्थाचं, जसं आपलं रक्त गोठतं तसं. माव्याची पातळ लाळ ते बूच बसू न द्यायचा प्रयत्न करते. म्हणजे पानावर किडा शांत बसलाय असं आपल्याला दिसतं तेव्हा आत त्याच्या लाळेची आणि झाडाची झटापट चाललेली असते, आणि एकदा नळी सापडली की त्याला ओढून पिण्याचीही फार गरज नसते, नळीतल्या दाबानेच रस त्याच्या तोंडात येतो.

सगळेच मावे सारखं नुकसान करत नाहीत. काही जातींनी कितीही रस प्यायला तरी पान बाहेरून हिरवंच दिसतं, नुकसान दाणे भरताना कळतं. पण एक जात आहे, रशियन गहू मावा, त्याची लाळ पानातलं हरितद्रव्यच बिघडवते. पानावर लांब पांढऱ्या-पिवळ्या रेघा पडतात, काही वेळा जांभळट, आणि पान उभ्या अंगाने गुंडाळून पुंगळीसारखं होतं. त्या पुंगळीत मावा आरामात राहतो, फवारा आत पोचत नाही, मावा खाणारा ढालकिडा आत शिरत नाही. वरचं पान गुंडाळलं की ओंबी त्यातून बाहेर निघताना अडकते आणि गळासारखी वाकडी होते. हा मावा मुळात मध्य आशियाच्या बाजूचा, १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला, १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासला, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात. दादाच्या वावरातला मावा हा नव्हे, त्याची पानं सरळ होती. पण गहू माव्याशी कसा लढतो हे माणसाला जेवढं समजलंय त्यातलं बरंच याच माव्यामुळे समजलं, कारण त्याने गव्हाचं एवढं नुकसान केलं की लोकांना शोधावंच लागलं.

शोधताना ब्रीडर लोकांनी, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्यांनी, जगभरातून गोळा करून ठेवलेलं जुनं गव्हाचं बियाणं बाहेर काढलं आणि त्यावर मावा सोडून बघितला. इराणकडून आलेल्या एका जुन्या गव्हात प्रतिकार सापडला, त्या जनुकाला डीएन १ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत टुगेला नावाचा चांगला वाण होता, पण माव्याला बळी पडणारा, त्यात हे जनुक संकर करून आणलं आणि टुगेला डीएन तयार झाला. यातली मजा अशी की आता दोन वाण हातात होते, जवळपास सारखे, फरक मुख्यतः त्या एका जनुकाच्या भागाचा. तिथेच ब्लोमफाँटेनला फ्री स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी दोन्हींवर मावा सोडला आणि आत काय होतं ते मोजलं.

साध्या टुगेलावर माव्याने हळूहळू ताबा घेतला, रेघा, पुंगळी, सगळं. टुगेला डीएनवर मावा बसला तेव्हा झाडाने त्याला ओळखलं. डोळे नाहीत, मेंदू नाही, पण लाळेतलं काहीतरी झाडाच्या पेशींना समजतं आणि टोचलेल्या जागी ताबडतोब हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, हो तेच, जखम धुवायला मेडिकलमधून आणतो ते. ते पेशीभिंती घट्ट करायला मदत करतं, बाकीच्या झाडाला इशारा देतं आणि टोचलेल्या जागेच्या आजूबाजूच्या पेशी मरतात. त्यांना मावा मारत नाही, झाड स्वतः त्यांना मारतं. पानावर बारीक फिकट किंवा तपकिरी ठिपका दिसतो, बास. मग सॅलिसिलिक ॲसिड वाढतं, ॲस्पिरिन ज्या पदार्थापासून बनते तोच हा, आणि पेशींच्या मधल्या जागेत, नेमकं जिथून सोंड जाते तिथे, पेरॉक्सिडेज, कायटिनेज आणि ग्लुकॅनेज ही एन्झाइम्स वाढतात. कायटिनेज कायटिन तोडतं, किड्यांचं कवच आणि बुरशीची भिंत दोन्ही कायटिनची. म्हणजे बुरशीसाठी ठेवलेलं हत्यार झाड किड्यासाठीपण बाहेर काढतं.

ग्लुकॅनेजचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं म्हणून जरा थांबून सांगते. ते कॅलोज तोडतं, म्हणजे तेच बूच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उलटंच वाटलं, झाडाने बूच लावायला पाहिजे ना, काढतंय कशाला? पण बळी पडणाऱ्या गव्हात काय होतं, या माव्याच्या टोचण्यामुळे नळ्यांमध्ये इतकं कॅलोज साठतं की पानात तयार झालेली साखर पानातच अडकते, मुळाला आणि ओंबीला पोचत नाही. प्रतिकारक गव्हात असा तुंबा कमी होतो, नळ्या बऱ्याच चालू राहतात. जखम बंद करायची पण रस्ता बंद करायचा नाही, हा तोल सांभाळणं किती अवघड आहे! ठाण्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको, घोडबंदर रोडला खड्डा बुजवायला घेतात तेव्हा एक लेन चालू ठेवली तर आपण घरी पोचतो आणि सगळाच रोड अडवला तर काय होतं ते आपण सगळे भोगतो.

दुसऱ्या दिवशी दादाला हे फोनवर सांगत होते, पेरॉक्साइड-बिरॉक्साइड ऐकून तो गप्प होता, मग एकदम म्हणाला, "म्हणजे तांबेऱ्यासारखंच की." आणि मी इकडे किचनमध्ये उभी राहून अक्षरशः हो हो हो म्हणाले. तांबेरा म्हणजे गव्हाचा बुरशीचा रोग, त्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या पानावर तांबूस पुळी उठत नाही, नुसता सुकलेला बारीक ठिपका दिसतो, कारण बुरशी जिथे शिरली तिथली पेशी झाड मारून टाकतं आणि जिवंत पेशीशिवाय तांबेऱ्याला जगता येत नाही. आमच्या भागातले लोक हे पिढ्यानपिढ्या बघत आलेत, निफाडला गहू संशोधन केंद्रच आहे, त्र्यंबक आणि तपोवन हे वाण तिथलेच, आणि महाबळेश्वरला तर खास तांबेऱ्याचं केंद्र आहे. दादाला सगळं आधीच माहीत होतं, फक्त मावापण असा ओळखला जातो हे माहीत नव्हतं.

म्हणून ठिपका बघून घाबरू नये हे मला सारखं सांगावंसं वाटतं. एकही डाग नसलेलं पान म्हणजे निरोगी असं आपण धरून चालतो. रशियन गहू माव्याच्या बाबतीत डाग पडलेलं सरळ पान हे लढून जिंकलेलं पान असतं आणि रेघा पडून गुंडाळलेलं पान हे हरत चाललेलं.

आणि लढण्याची ही एकच तऱ्हा नाही. १९५१ मध्ये रेजिनाल्ड पेंटर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पिकांच्या प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले ते अजून शिकवतात. एक, झाड किड्याचं जगणं अवघड करतं, त्याला पिल्लं कमी होतात, वाढ खुंटते, डीएन १ मुख्यतः यातलं. दोन, किड्याला ते झाड आवडतच नाही, तो बसतो, चव घेतो आणि दुसरीकडे जातो. आणि तीन, सहनशीलता. यात मावा येतो, बसतो, पितो, पिल्लं घालतो, झाड त्याला काही करत नाही, पण झाडाची अन्न बनवण्याची ताकद टिकून राहते, नवीन पानं येत राहतात, पान गुंडाळत नाही. डीएन २ नावाचं जनुक बहुतेक याच पद्धतीने काम करतं. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलांना पहिला प्रकार आवडतो, फाइट असते ना. मला तिसरा आवडतो, आणि नुसता आवडीचा प्रश्न नाही, त्यामागे कारण आहे.

२००३ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला रशियन गहू माव्याचा नवीन प्रकार सापडला. तिथे १९९४ पासून हॉल्ट नावाचा प्रतिकारक गहू होता, डीएन ४ जनुकाचा, नवीन माव्याला तो गहू अडवू शकला नाही. झाड ज्या खुणेवरून ओळखत होतं ती खूणच बदलली की पुढचं काहीच सुरू होत नाही, पेरॉक्साइड नाही, ठिपका नाही, पान गुंडाळायला लागतं. दक्षिण आफ्रिकेतही डीएन १ ला दाद न देणारा मावा पुढे आलाच. जे झाड माव्याला मारतं त्या झाडावर वेगळा निघालेला एखादा मावाच जगतो आणि मग त्याचीच पिल्लं सगळीकडे होतात, आणि त्याचा पिल्लं घालायचा वेग तर वर सांगितलाच. जे झाड नुसतं सोसतं तिथे माव्यावर बदलायची तेवढी जबरदस्ती नसते. अर्थात सोसणाऱ्या गव्हावर मावा शिल्लक राहतो, तो व्हायरस पसरवू शकतो, शेजारच्या वावरात जाऊ शकतो, म्हणून दोन्ही गुण एका वाणात आणायचा प्रयत्न चालतो.

माणसाने यात हुशारी करून बघितली नाही असं नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला असा गहू तयार केला होता की जो माव्याच्या धोक्याचा वास स्वतःच सोडतो. मावा पकडला गेला की तो असा वास सोडतो आणि बाकीचे पळतात. लॅबमध्ये मावा दूर पळाला, २०१२ पासून शेतात लावून बघितलं तर काही फरक पडला नाही. गव्हाकडे स्वतःचीपण रसायनं आहेत, डिंबोआ नावाचं एक आहे, माव्याला नकोसं होणारं, पण ते कोवळ्या रोपात जास्त असतं आणि वय वाढलं की कमी होत जातं.

आता मी एवढं का लिहितेय ते सांगते. आमचे अण्णा, म्हणजे वडील, एका वर्षी माव्यावर फवारायला गेले. दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली होती, एकाने काम होणार नाही म्हणाला. अण्णांनी तोंडाला उपरणं बांधलं, वारा समोरून होता. संध्याकाळी घरी आले ते ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत, घाम, उलट्या, डोळ्यांसमोर अंधार. दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाइन लागलं, वाचले. मी तेव्हा अकरावीला होते. तेव्हापासून कुणी सहज म्हटलं ना की मावा आहे, मारून टाक एक पंप, की माझ्या पोटात गोळा येतो. झाडाच्या आत जे काम फुकटात, बिनविषारी, टोचल्या जागी तासाभरात सुरू होऊ शकतं ते बियाण्यात असणं नसणं यावर कुणाच्या तरी बापाची संध्याकाळ अवलंबून असते. वाण निवडताना आपण दाणा किती, चपाती कशी, तांबेरा येतो का एवढं विचारतो. माव्याला हा वाण काय करतो हेपण विचारायला पाहिजे, केंद्रावर जाऊन, शिवार फेरीला जाऊन, मोठ्याने.

दादाने फवारलं नाही. मी सांगितलं म्हणून नाही, तो स्वतः सकाळी गेला तर ढालकिड्याच्या अळ्या दिसल्या, त्या काळ्या-नारिंगी, मगरीसारख्या, आणि एका अळीला त्याने भराभर मावा खाताना बघितलं, व्हिडिओ पाठवला, मी तो वर्गात दाखवला. माझ्या ग्रिलमध्ये मात्र ढालकिडा आला नाही, बाराव्या मजल्यावर सहज थोडाच येणार, तिथे मी पाण्याच्या पिचकारीने धुऊन काढते आणि थोडे ठेवते बघायला.

मग मी त्याला एक काम दिलं. म्हटलं अलीकडच्या वावरात जिथे मावा सगळ्यात जास्त आहे तिथेच उभा राहा आणि शोध, आजूबाजूची सगळी झाडं भरलेली आणि मधेच एखादं मोकळं किंवा भरलेलं असूनही टवटवीत, असं आहे का. काठावरचं घेऊ नको, सावलीतलं घेऊ नको, तिथे कारण दुसरं असू शकतं. आपला त्या वावरातला गहू घरच्या बियाण्याचा आहे, वर्षानुवर्षं मिसळलेला, त्यात असं काही निघू शकतं. सापडलं तर खूण कर, ओंब्या वेगळ्या काढ, आणि पुढच्या नोव्हेंबरला एकेका झाडाचं बी वेगळ्या ओळीत, एकाच दिवशी, एकाच खतावर पेर, मधे मधे साध्या गव्हाची ओळ. एका वर्षात नशीब कुठलं आणि गुण कुठला ते कळत नाही, दुसऱ्या वर्षी त्याच ओळीवर मावा परत कमी दिसला तरच पुढे जायचं आणि ओंब्या घेऊन निफाडच्या केंद्रावर दाखवायच्या.

तो म्हणाला, "एवढं कोण करतं गं." काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला, मुलांच्या शाळेबद्दल बोलायला, आणि बोलता बोलता म्हणाली की तुमच्या दादांनी माझी जुनी लाल साडी फाडली, चिंध्या घेऊन वावरात गेलेत. नऊ झाडं सापडलीत.